दोन भेटींच्या मधले सहा दिवस : खाण्याच्या विकारांच्या ओपीडी उपचारात मेसेज वापरायचे कसे

सोमवारी रात्री पावणेदहाला पेशंटचा मेसेज येतो. वजनकाट्यावर उभ्या पायांचा फोटो, खाली एक हसरा चेहरा. समुपदेशक जेवण आटोपून फोन हातात घेते, काटा थोडा वर सरकलेला बघते आणि अगदी मनापासून लिहिते, "अरे वा! मस्त!" गुरुवारी मुलगी सेशनला येत नाही. शुक्रवारी आईचा फोन येतो : सोमवार रात्रीपासून तिने पोळीला हात लावलेला नाही.

ती समुपदेशक मी. प्रॅक्टिस सुरू करून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढे नवीन सहकाऱ्यांच्या केसेस ऐकताना हाच प्रकार इतक्यांदा समोर आला की आता हे एकदा लिहून टाकते आहे. (पेशंटचे तपशील ओळख लागू नये इतके बदलले आहेत.)

मेसेज करू द्यावा की नाही, हा प्रश्न आता राहिलेला नाही, पेशंट करतातच. आणि उपयोगही मोठा आहे. दिवसाला ३ जेवणं आणि मधली २-३ खाणी धरली तर आठवड्यात ३५ ते ४२ वेळा ताट समोर येतं, आणि आपण त्यातल्या एकाही वेळी तिथे नसतो. सेशनला येईपर्यंत "आठवडा बरा गेला" एवढंच उरतं. ते ताट, तो क्षण, जसाच्या तसा आपल्यापर्यंत आणणं हे मेसेजचं काम. उपचार मात्र खुर्चीत समोरासमोर बसूनच होतात. हा क्रम उलटला की गडबड सुरू होते.

हा लेख समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. पेशंटच्या घरच्यांनी टप्पा ६ आणि ७ जरूर वाचावेत.

## टप्पा १ : आधी नाडी, मग मेसेज

पहिला मेसेज जाण्याआधी पेशंट ओपीडीत उपचार घेण्याइतकी सुरक्षित आहे का, हे डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. नाडी, झोपून आणि उभं राहून मोजलेलं ब्लड प्रेशर, अंगाचं तापमान, ईसीजी, आणि रक्तात पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर. किशोरवयीन पेशंटची जागेपणीची नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, चक्कर येऊन पडणं झालं असेल किंवा पोटॅशियम घसरलं असेल, तर विषय ओपीडीचा नाही, भरती करण्याचा आहे.

इथे एक फसगत वारंवार होते. रिपोर्ट नॉर्मल आले की सगळे निःश्वास सोडतात. उपासमार बरीच पुढे गेलेली असतानाही रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. त्यामुळे "रिपोर्ट छान आहेत, आता मेसेजवर बघू" हे वाक्य कुणी म्हणालं तर थांबवा.

दुसरी गोष्ट वजनाची. वजन आठवड्यातून एकदा, ओपीडीत, त्याच काट्यावर. आकडा पेशंटला दाखवायचा की नाही याबद्दल पद्धतींमध्ये मतभेद आहेत. सीबीटी-ई पद्धतीत (खाण्याच्या विकारांसाठी बेतलेले, विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारे बोलून करायचे उपचार) दाखवतात आणि त्यावर लगेच बोलतात. काही टीम काट्याकडे पाठ करून उभं करतात. तुमची टीम काहीही करो, आकडा मेसेजवर यायचा नाही. घरचा वजनकाटा माळ्यावर किंवा शेजाऱ्यांकडे.

सावध : बरेच दिवस फार कमी खाल्लेल्या माणसाचं खाणं एकदम वाढवलं तर सुरुवातीच्या दिवसांत रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा पेशंटला "उद्यापासून दोन पोळ्या वाढव" असं मेसेजवर सांगायचं नाही. खाणं किती आणि कसं वाढवायचं, ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ प्रत्यक्ष तपासून ठरवतील.

तपासून घ्या : दर आठवड्याला नाडी आणि वजन कोण बघणार, त्या डॉक्टरांचं नाव फाईलच्या पहिल्या पानावर आहे का? नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

## टप्पा २ : फोन तयार करा

कामासाठी वेगळा नंबर घ्या. ज्या नंबरवर सोसायटीचा ग्रुप आणि मुलाच्या शाळेचा ग्रुप आहे, त्यावर पेशंटची उलटीची नोंद यायला नको. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलंत तर ठरावीक वेळेबाहेर आपोआप जाणारं उत्तर लावता येतं; त्याचा मजकूर टप्पा ३ मध्ये दिला आहे.

मग ही सेटिंग्ज बघा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद. आलेले फोटो गॅलरीत जाणं बंद; एका सहकाऱ्याच्या घरी टीव्हीवर सहलीचे फोटो दाखवताना मधेच कुणाचं तरी अर्धं ताट आलं होतं, तेव्हापासून मी हे सगळ्यांना पहिलं सांगते. निळ्या खुणा बंद. मात्र ग्रुपमध्ये आणि व्हॉइस नोट ऐकल्यावर निळी खूण तरीही दिसते, हे लक्षात असू द्या. चॅटचा बॅकअप क्लाउडवर जात असेल तर त्याचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, ते आपोआप होत नाही. आपोआप पुसले जाणारे मेसेज वापरू नका. २५ मार्च २०२० ला लागू झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरांनी अशा संवादाची नोंद जपायची असते. या सूचना नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, पण समुपदेशकांनी आणि आहारतज्ज्ञांनीही तोच शिरस्ता ठेवावा.

पेशंटच्या बाजूलाही बघा. फोन तिचा एकटीचा आहे की धाकटा भाऊ त्यावर गेम खेळतो? घरातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडंच राहतं का? आणि फोनमध्ये कॅलरी मोजायचं, पावलं मोजायचं अ‍ॅप आहे का? एका हाताने नोंद आणि दुसऱ्या हाताने कॅलरीचा हिशेब चालू असेल तर आपली नोंदही त्याच हिशेबाची वही होते. ते अ‍ॅप काढायचं काम मात्र सेशनमध्ये, तिच्याशी बोलून. हुकूम सोडून नाही.

ई-मेल की व्हॉट्सअ‍ॅप? मला स्वतःला मोठ्या वयाच्या पेशंटसाठी ई-मेल बरा वाटतो. तिथे माणूस बसून, विचार करून लिहितो आणि लगेच उत्तर येईल अशी आशाही धरत नाही. कॉलेजातली मुलं ई-मेल उघडतच नाहीत, तिथे हट्ट नको.

## टप्पा ३ : तोंडी नको, कागदावर ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण हा टप्पाच गाळला जातो. पेशंट निघता निघता दारात विचारते, "मॅडम, काही वाटलं तर मेसेज केला तर चालेल ना?" आपण म्हणतो, "हो हो, कधीही कर." हा 'कधीही' पुढे सहा महिने छळतो.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या सेशनला अर्धा तास काढून एक पान भरा. दोघांच्या सह्या, एक प्रत तिच्याकडे. त्यात एवढं हवंच :

१. मेसेज कधी वाचले जातील. माझी वेळ सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ७ ते साडेसात. दिवसातून एकदाच उत्तर. रविवारी नाही.

२. कशासाठी : जेवणाची नोंद, आणि ठरलेलं काम करताना काय अडलं ते.

३. कशासाठी नाही : वजन, मापं, कॅलरी, शरीराचे फोटो, औषधांचे प्रश्न, आणि जिवाला धोका आहे अशी कोणतीही गोष्ट.

४. धोका वाटला तर काय करायचं : घरातलं कोण, कोणतं हॉस्पिटल, कोणते नंबर.

५. कोण कोण वाचणार. मी, आणि गरज पडल्यास टीममधले डॉक्टर. आई-बाबा नाहीत, पुढच्या अपवादाशिवाय.

६. अपवाद : जिवाला धोका दिसला तर मी घरच्यांना फोन करेन, आणि जमलं तर आधी तिला सांगून.

७. किती आठवडे. मी आधी सहाच आठवडे लिहिते. पुढे चालू ठेवायचं का ते तेव्हा ठरतं.

गोपनीयता हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार पेशंटचा हक्क आहे, आपली मेहरबानी नाही. पेशंट १८ च्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. पण संमती दिली म्हणजे मुलीचे मेसेज वाचायचा परवाना मिळाला, असं पालकांना वाटतं. तसं नाही, हे त्याच बैठकीत, तिच्यासमोर सांगा.

आपोआप जाणारं उत्तर मी असं ठेवते :

"तुमचा मेसेज पोचला आहे. मी तो पुढच्या ठरलेल्या वेळी (सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ७) वाचेन. आत्ता चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर उत्तराची वाट पाहू नका. घरच्यांना उठवा. ॲम्ब्युलन्स १०८, आपत्कालीन मदत ११२, मनावरचं बोलायला टेली-मानस १४४१६ (चोवीस तास, मोफत)."

सावध : हा मजकूर कोरडा वाटतो म्हणून सहकारी त्यात "मी आहेच तुझ्यासाठी" घालतात. घालू नका. रात्री २ वाजता तुम्ही नसता.

तपासून घ्या : पान भरून झाल्यावर पेशंटला विचारा, "समज, रविवारी रात्री ११ ला फार वाईट वाटलं. काय करशील?" तिचं उत्तर "तुम्हाला मेसेज करेन" असं आलं तर पान परत वाचा.

## टप्पा ४ : नोंद लिहायला ओपीडीतच शिकवा

"रोज काय खाल्लं ते पाठव" एवढ्यावर सोडलं तर दोन प्रकारच्या नोंदी येतात. एक, "नीट जेवले" हे दोन शब्द. दुसरी, ग्रॅममध्ये मोजलेला ताळेबंद. दोन्ही निरुपयोगी.

पहिली नोंद समोर बसवून लिहून घ्या, त्या सकाळच्या नाश्त्याची. सहा गोष्टी : किती वाजता, काय, कुठे, ताबा सुटल्यासारखं वाटलं का (वाटलं तर चांदणी), नंतर काही केलं का (उलटी, जुलाबाची गोळी, जिना चढउतर), आणि तेव्हा डोक्यात किंवा आजूबाजूला काय चाललं होतं. प्रमाण लिहायचं ते घरगुती शब्दांत : एक वाटी, अर्धी पोळी, एक डिश. ग्रॅम नाही, कॅलरी नाही.

एका दिवसाची नोंद अशी दिसते :

८:२० – पोहे अर्धी डिश, चहा. ओट्यापाशी उभ्याने. आई बघत होती, राग आला.
१:४५ – डब्यातली एक पोळी. भाजी परत आणली. कॉलेजचा कट्टा. सगळे फोटो काढत होते.
६:१० – ✱ बिस्किटांचा पुडा, फरसाण, सकाळचा उरलेला भात. खोलीत, दार लावून. नंतर उलटी.
९:३० – काही नाही. "पोट भरलंय" म्हणाले.

ही नोंद सावकाश वाचा. पेशंटच्या मते दिवस सहा वाजून दहा मिनिटांनी बिघडला. घड्याळ वेगळं सांगतं : १:४५ ते ६:१० म्हणजे ४ तास २५ मिनिटं पोटात काही नाही, आणि त्याआधी जवळपास साडेपाच तासांत अर्धी डिश पोहे आणि एक पोळी. संध्याकाळचा फडशा हा दुपारच्या अर्ध्या डब्याचा परिणाम. आणि साडेनऊचं "काही नाही" ही उद्याच्या फडशाची तयारी. दोन खाण्यांमध्ये ३-४ तासांपेक्षा जास्त अंतर नको, हे आपण सेशनमध्ये दहा वेळा सांगतो. तिच्याच हातची वेळ तिला दाखवली की मात्र ते पटतं.

नोंद खाल्ल्या खाल्ल्या लिहायची. रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहिलं की त्यात शरम मिसळते, काही गळतं, काही फुगतं. फोनवर लिहायचा खरा फायदा हाच : वहीपेक्षा फोन कट्ट्यावर कुणाच्या डोळ्यांत येत नाही. लिहिणं मात्र लगेच, पाठवणं दिवसातून एकदा, सगळं एकत्र. दर घासाला मेसेज आला तर आपण पहारेकरी होतो.

ताटाचे फोटो घ्यावेत का? मी फार कमी घेते. फोटोसाठी ताट सजतं, फोटोनंतर काय झालं ते कळत नाही, आणि मुली जुने फोटो शेजारी ठेवून "आज जास्त दिसतंय" असं मोजत बसतात. डब्याची भाजी खरंच परत येते का, एवढ्यापुरते आठवडाभर घेतले तर ठीक.

तपासून घ्या : तीन दिवस नोंद आली, पण "डोक्यात काय चाललं होतं" हा रकाना रिकामा आहे? मग पुढच्या सेशनमध्ये आधी तोच भरायला शिकवा. खाण्याबद्दल नंतर बोला.

## टप्पा ५ : उत्तर लिहिणं

वरच्या नोंदीला आलेली काही खरीखुरी उत्तरं बघा. "अगं, फरसाण कशाला?" "उलटी टाळायला हवी होती." "काळजी करू नकोस, उद्या नवा दिवस!" आणि एका आहारतज्ज्ञांनी तर बारा पानांची डाएट पीडीएफ पाठवली होती.

माझं उत्तर साधारण असं असतं :

"सगळं लिहिलंस, ६:१० चंही. ते लिहायला जड गेलं असणार. एकच गोष्ट बघ : १:४५ नंतर पुढचं खाणं किती वाजता? उद्या साडेचारला कट्ट्यावर काहीतरी एक खायचं, आपण गुरुवारी ठरवलेल्या यादीतलं. बाकी सेशनला बोलू."

चार भाग आहेत. लिहिल्याची दखल. एक निरीक्षण, तेही प्रश्नाच्या रूपात. एक छोटं काम, आधी ठरलेल्या यादीतलंच. आणि उरलेलं सेशनसाठी. पाच ओळींच्या वर जात असाल तर तुम्ही सेशन टाईप करताय.

आता शब्दांबद्दल. आपल्या भाषेत एक अडचण आहे. "तब्येत सुधारली" म्हणजे बरं वाटायला लागलं, आणि "तब्येत सुधारली" म्हणजे जाड झाली. अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे खाणं अगदी कमी करत नेण्याच्या विकाराच्या पेशंटला दुसराच अर्थ ऐकू येतो, नेहमी. "चेहरा भरला", "आता कशी छान दिसतेस", "अंगावर मांस आलं", "फ्रेश वाटतेस" हे सगळं त्याच रांगेतलं. म्हणून शरीराबद्दल चांगलंही लिहायचं नाही. कौतुक करायचं तर केलेल्या गोष्टीचं : "मैत्रिणींबरोबर बसून खाल्लंस, हे अवघड होतं."

अंगठा वर केलेला इमोजीही सांभाळून. कमी खाल्लेल्या दिवसाच्या नोंदीवर तो गेला की त्याचा अर्थ शाबासकी होतो. मी इमोजी वापरतच नाही. सुरुवातीला मुलींना मी तुसडी वाटते, नंतर सवय होते.

आकड्यांचा मेसेज आलाच तर? काट्याचा फोटो आला, तर आनंद नाही, रागही नाही : "आकडे आपण ओपीडीतच बघतो असं ठरलंय, म्हणून यावर आत्ता बोलत नाही. काट्यावर उभं राहावंसं वाटलं, त्याआधी काय झालं होतं ते लिहिशील?" त्या सोमवारी रात्री मी हे लिहायला हवं होतं.

उलटी झाल्याची नोंद आली तर एक कामाची गोष्ट सांगता येते : लगेच दात घासू नकोस, साध्या पाण्याने चूळ भर. आम्लामुळे दातांचा थर मऊ झालेला असतो, ब्रशने तो खरवडला जातो.

सावध : ठरलेल्या वेळेआधी उत्तर देऊ नका, तुम्ही मोकळ्या असलात तरी. जास्त त्रासाच्या मेसेजला जास्त लवकर उत्तर मिळतं असं पेशंटच्या लक्षात आलं की नकळत मेसेज तसेच व्हायला लागतात. यात तिची लबाडी नसते. आपण तिला तसं शिकवलेलं असतं. खरा धोका असेल तर टप्पा ७, आणि तिथे टायपिंग नाही.

सावध : सीबीटी-ईमध्ये पहिले चार आठवडे दर आठवड्याला दोन सेशन असतात. "पेशंट लांबून येतो, दुसरं सेशन मेसेजवर करू" ही तडजोड करू नका. व्हिडिओवर करा, नाहीतर दिवस बदला.

## टप्पा ६ : घरच्यांशी वेगळी चॅट

पेशंट, आई, बाबा आणि समुपदेशक असा एकच ग्रुप काढणं ही मी पाहिलेली सर्वात महागडी चूक आहे. आई लिहिते, "आज परत डबा टाकला." मुलगी ते वाचते, ग्रुप सोडते, आणि दोन दिवस कुणाशी बोलत नाही.

घरच्यांची चॅट वेगळी ठेवा, आणि ती आहे हे पेशंटला माहीत असू द्या. किशोरवयीन मुलांच्या कुटुंबाधारित उपचारात सुरुवातीला जेवणाची सूत्रं आई-वडिलांच्याच हातात असतात, त्यामुळे तिथे मुख्य नोंद पालकांचीच येते. मोठ्या पेशंटच्या बाबतीत घरच्यांनी काय कळवायचं, ते पेशंटला विचारून ठरवा.

पालकांना मर्यादा घालून द्यावी लागते. दिवसाला अकरा मेसेज करणारी आई दुष्ट नसते, घाबरलेली असते. तिला सांगा : रोज एक मेसेज, तीन गोष्टी. किती जेवणं एकत्र बसून झाली, कुठे वाद झाला, आणि तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय. बाथरूमच्या दाराला कान लावून ऐकलेलं पाठवायचं नाही. आणि बाबांनाही आठवड्यातून दोनदा लिहायला लावा, नाहीतर सगळा भार आईवर पडतो आणि बाबा सेशनला येऊन विचारतात, "नेमका प्रॉब्लेम काय आहे?"

फॅमिली ग्रुपचंही बघा. लग्नाच्या फोटोखाली मामा लिहितो, "आमची भाची आता जरा भरली!" त्याला प्रेमच दाखवायचं असतं. एका आईने अशा वेळी मामाला फोन करून एवढंच सांगितलं, "दादा, तिच्या अंगाबद्दल सहा महिने कुणी काही बोलायचं नाही, चांगलंही नाही." ते पुरलं.

## टप्पा ७ : धोक्याचा मेसेज, आणि मेसेजच न येणं

खालीलपैकी काही वाचलंत तर उत्तर टाईप करू नका, फोन लावा :

– चक्कर येऊन पडली, छातीत धडधड किंवा दुखतंय, हातपाय वळतायत, उलटीत रक्त.
– दिवसभर पाणीही घेतलेलं नाही, किंवा दिवसात अनेकदा उलट्या. उलट्या आणि जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात.
– जीव देण्याचा विचार, निरोपाची भाषा, "आता कुणाला त्रास नाही देणार".
– मधुमेहाची पेशंट इन्सुलिन टाळत असल्याचा नुसता उल्लेख.

क्रम असा : पेशंटला फोन. उचलला नाही तर घरच्यांना. ती एकटी असेल तर कुणीतरी तिच्याजवळ पोचेपर्यंत फोन चालू ठेवा. शरीराचा धोका असेल तर थेट हॉस्पिटल, १०८. मग डॉक्टरांना कळवा. सगळं झाल्यावर वेळेसकट नोंद. तिचा आत्ताचा पत्ता (हॉस्टेल, पीजी, रूम नंबर) फाईलच्या पहिल्या पानावर हवा. पुण्यात शिकणाऱ्या मुलीच्या फाईलवर फक्त सोलापूरचा पत्ता असेल तर रात्री त्याचा काही उपयोग नाही.

आत्महत्येचा धोका या विकारांमध्ये खरा आणि मोठा आहे. "लक्ष वेधून घेतेय" हे वाक्य टीममध्ये कुणी उच्चारलं तर तिथेच अडवा.

आणि शांतता. रोज लिहिणारी मुलगी दोन दिवस गप्प असेल तर तोही मेसेजच आहे. टप्पा ३ च्या पानावर लिहून ठेवा : ४८ तास काही आलं नाही तर मी एक ओळ पाठवेन, त्यानंतर संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन करेन. ओळ आरोपाची नको. "दोन दिवस नोंद दिसली नाही. रिकामी नोंद पाठवलीस तरी चालेल." बहुतेक वेळा खाणं बिघडलेलं असतं आणि ते लिहायची लाज वाटलेली असते.

## टप्पा ८ : मेसेज सेशनमध्ये आणा

थोडक्यात. सेशनच्या आधी दहा मिनिटं आठवड्याच्या नोंदी वाचा, दोन जागा निवडा, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्या एकत्र उघडा. तुम्ही नोंद उघडलीच नाही तर तिसऱ्या आठवड्यापासून ती येणं बंद होतं, आणि दोष पेशंटला दिला जातो. महत्त्वाचे मेसेज तारखेसह फाईलमध्ये उतरवा. चर्चेसाठी सहकाऱ्यांना स्क्रीनशॉट पाठवू नका, नाव पुसलेला असला तरी. तिचं लिहिणं ओळखणारं कुणीतरी असतं.

## टप्पा ९ : उपास, लग्नसराई, प्रवास

आपल्याकडे न खाण्याला वर्षभर प्रतिष्ठित कारणं मिळतात. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. विकार त्यांच्या आड आरामात लपतो. नवरात्राच्या पहिल्या दिवशी "मॅडम, नऊ दिवस फळं आणि ताक" असा मेसेज आला तर तुम्हाला उशीर झालाय. त्या दिवशी मेसेजवर श्रद्धेचा वाद घालायचा नाही.

महिनाभर आधी कॅलेंडर उघडून सेशनमध्ये ठरवा. माझ्या अनुभवात इथे आजीची मदत सगळ्यात जास्त होते. आजारी माणसाला उपास नसतो, हे आजीने सांगितलं की घर ऐकतं, आपण सांगितलं तर नास्तिक ठरतो. काहींना देवासाठी काहीतरी सोडायचंच असतं. मग खाण्याऐवजी दुसरं काही सोडता येतं. त्या नऊ दिवसांत नोंदीची वेळ तीच राहते.

पोट दुखतं, पित्त होतं, भूकच लागत नाही, अशीही नोंद येत राहील. आपल्याकडे बऱ्याच पेशंट "मला जाड व्हायची भीती वाटते" असं कधीच म्हणत नाहीत. पोटाचीच तक्रार सांगतात. मेसेजवर पित्ताची गोळी सुचवू नका. नोंद करा, डॉक्टरांना दाखवा.

मुलगी शिकायला परदेशी जाणार असेल तर तिकीट निघाल्याबरोबर तिथल्या उपचारांची सोय बघायला लागा. भारतातल्या टेलिमेडिसिनच्या सूचना देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत, आणि तिकडे रात्री तब्येत बिघडली तर इथून आपण काहीच करू शकत नाही. तिथल्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला द्यायचं पत्र तिच्या हातात ठेवा. मराठीत बोलायला मिळावं म्हणून ती तुम्हालाच लिहीत राहील. तेवढ्यासाठी उपचार तुमच्याकडे ठेवू नका.

## टप्पा १० : हळूहळू कमी करणं

बरं वाटायला लागलं की मेसेज आपोआप कमी होतील, असं धरून चालू नका. कधीकधी नेमकं उलट होतं. खाणं सुधारतं आणि मेसेज वाढतात, कारण उपचार संपतील याची भीती वाटते. सहाव्या आठवड्याला पान परत काढा. रोजची नोंद, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून फक्त अवघड जेवणांची. प्रत्येक पायरीला दोन आठवडे. मधे घसरण झाली तर एक पायरी मागे, पण ते सेशनमध्ये ठरवून.

शेवटच्या सेशनला तारीख लिहून द्या : या दिवसानंतर या नंबरवर नोंद वाचली जाणार नाही. त्याच कागदावर परत घसरण होत असल्याच्या तिच्या स्वतःच्या चार खुणा, तिच्याच शब्दांत. एका मुलीची पहिली खूण होती, "मी सगळ्यांना वाढायला लागते आणि स्वतः बसत नाही."

तीन महिन्यांनी रात्री साडेदहाला तिचा मेसेज येईल, "मॅडम, एक विचारू?" दुसऱ्या दिवशी ७ वाजता उत्तर द्या, आणि त्यात फक्त ओपीडीच्या रिकाम्या असलेल्या दोन वेळा लिहा.